अर्ध्या मिनिटाचा वाघ

पाल, ता. रावेर
१४ डिसेंबर १९८६

अभिमनभाऊ, नमस्कार.

दिवाळीला धुळ्याला येतो म्हणालो होतो आणि आलो नाही. जीपला सलग भाडी मिळत गेली, त्यातच राहून गेलं. मोठी माय रागावली असेल. तिला सांगा, गिरधर येतो म्हणाला की येतोच, फक्त उशिरा येतो.

तुमच्याकडे एक काम आहे. दीपनगरला मुलाकडे राहणारे कौतिक चौधरी म्हणून एक सर आहेत. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त झालेत. त्यांच्याजवळ चावीचा सिनेमा कॅमेरा आहे, सोळा मिलिमीटरचा. सातपुड्याच्या जंगलावर एक फिल्म करायचं त्यांनी मनावर घेतलंय. वनखात्याची परवानगी काढलीय आणि जीप माझी ठरवलीय. मिलिटरीच्या लिलावातली माझी जीप तुम्हाला माहीत आहे. चारही चाकांनी ओढते, नदीच्या गोट्यांतून बकरीसारखी चढते.

अडचण अशी की जनावरं जीपला भीत नाहीत, माणसाला भितात. आम्ही जीपमध्ये गप्प बसून असलो की नीलगाय पंधरा पावलांवर चरत राहते. सर कॅमेरा घेऊन जरा उभे राहिले, की गेली. गेल्या आठवड्यात सरांनी नुसता खांदा वर केला तर मोरांचा थवाच्या थवा उडाला. तेव्हा मी म्हटलं, सर, कॅमेरा हातात धरायचाच कशाला? जीपच्या पुढे बसवून टाकू. जीप बघेल तेच तो बघेल. सरांना ते इतकं पटलं की त्यांनी माझी पाठ थोपटली. पण बसवायचं कसं, हे दोघांनाही येत नाही. मी म्हटलं, आमचा भाऊ धुळ्याला फोटो स्टुडिओ चालवतो, त्याला कॅमेरा आणि पाना दोन्ही कळतात.

फिल्म हरणांची आहे. नीलगायी, मोर, झालंच तर अस्वल.

उत्तराची वाट बघतो.

तुमचा,
गिरधर


धुळे
२६ डिसेंबर १९८६

चि. गिरधर,

पत्र मिळालं. माय रागावलेली नाही. ती म्हणाली, उशिरा येणारा निदान येतो तरी.

तुझं काम वाचून मी दोन दिवस स्टुडिओत नीट बसलो नाही. वीस वर्षं झाली मला नवरा-नवरी, परीक्षेचे फोटो आणि बारशाची मुलं काढताना. चालत्या गाडीच्या तोंडावर कॅमेरा, असं काम माझ्याकडे कोणी आणलं नव्हतं. म्हणून जरा लांबलचक लिहितो. सरांनाही वाचून दाखव.

बॉनेटवर बसवू नका. एक तर पत्रा खडखडतो, आणि दुसरं म्हणजे खाली इंजिन तापलं की वर हवा हलते. त्या हवेतून घेतलेलं चित्र पाण्यात बुडाल्यासारखं येतं. बंपर थेट चासीला बोल्टने धरलेला असतो. त्यावर लोखंडी अँगलची चौकट उभी करू. चौकट आणि कॅमेरा यांच्यामध्ये ट्रकच्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या, एकावर एक. बारीक थरथर रबर खाईल. मोठे धक्के तुला खायचे आहेत, म्हणजे जीप हळू चालवायची.

बटण दाबायला हात पुढे जाणार नाही. त्यासाठी सायकलच्या ब्रेकची वायर वापरू. ब्रेकची मूठ स्टिअरिंगजवळ बसवायची, मूठ आवळली की तिकडे बटण दाबलं जाईल. काचेवर धूळ बसू नये म्हणून पुढे पत्र्याचं एक झाकण, तेही दुसऱ्या वायरने उघडणारं. चावीचा कॅमेरा चालताना घरघरतो. त्याला जुन्या गोधडीचा अंगरखा शिवून घे, वरून ताडपत्री.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा कॅमेऱ्याची चावी एकदा भरली की जेमतेम अर्धं मिनिट चालते. चावी भरायला खाली उतरावं लागेल. तेव्हा मूठ कधी आवळायची हे सरांनी नाही, तू ठरवायचं. समोर काय येतंय ते ड्रायव्हरला आधी दिसतं.

बंपरची रुंदी, जमिनीपासूनची उंची आणि बोल्टची भोकं मोजून कळव. कॅमेरा तुझ्या मांडीच्या उंचीवर येईल. ते बरंच आहे. जनावर उभ्या माणसाच्या डोळ्यांनी दिसणार नाही, जनावरासारखंच दिसेल.

तुझा,
अभिमन


पाल
१९ जानेवारी १९८७

अभिमनभाऊ, नमस्कार.

मापं वेगळ्या कागदावर दिली आहेत.

धीर निघेना म्हणून आम्ही इथल्या लोहाराकडून एक चौकट करून घेतली आणि तुमच्या पत्राप्रमाणे रबर घालून कॅमेरा बांधला. पहिल्या दिवशी झाकण उघडलंच नाही. अख्खं रीळ काळं आलं. सरांनी काळ्या रिळाकडे बघून एवढंच म्हटलं, "जंगलातला अंधार चांगला आलाय."

दुसरं रीळ धुऊन आलं तेव्हा मात्र आम्ही दोघं शाळेच्या भिंतीवर ते बघून अवाक झालो. चित्र हलत होतं, रबर कमी पडलं होतं, तरीही. भाऊ, मी ह्या वाटेने हजार वेळा गेलो असेन. पण वाट आपल्याकडे येते हे मला ठाऊक नव्हतं. सागाची झाडं दोन्ही बाजूंनी उघडत जातात, नदीचा उतार आला की अंग मागे रेलतं, आणि आपण तर भिंतीसमोर सतरंजीवर बसलेलो. माझी बायको म्हणाली, "रोज तुम्ही हे बघता, आणि घरी येऊन म्हणता की काही नवीन नाही."

सर म्हणतात की चौकट धुळ्यालाच पक्की करून घेऊ. पुढच्या महिन्यात जीप घेऊन दोघं येतो. सरांना तुमच्याशी बोलायचंही आहे. एप्रिलपर्यंत सगळं तयार हवं. सुकी नदी तेव्हा आटते, एखाद्या डोहातच पाणी उरतं, आणि सगळ्या जनावरांना तिथे यावंच लागतं.

तुमचा,
गिरधर


धुळे
२० फेब्रुवारी १९८७

गिरधर,

चौकट बसवून तुम्ही गेलात त्याला आता आठवडा झाला. तीन दिवस माझ्या दारात जीप उभी होती, आग्रा रोडवरचे निम्मे मेकॅनिक बघायला आले, आणि मी बऱ्याच वर्षांनी जेवायचं विसरून काम केलं. ते काम चांगलं झालं आहे. तुटणार नाही.

पण निघायच्या दिवशी चहा पिताना सर सहज म्हणाले, "वाघ समोर आला की तुमची ही वायर सार्थकी लागेल, अभिमनराव." तू तेव्हा खाली बघत होतास. म्हणजे तुला माहीत होतं.

हरणं म्हणालास. नीलगायी म्हणालास. वाघाचं नाव तू मुद्दाम लिहिलं नाहीस, कारण लिहिलं असतंस तर मी पान्याला हात लावला नसता.

तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. मी अकरा वर्षांचा होतो. बांबू आणायला तीन गाड्या त्याच जंगलात गेल्या होत्या. वाघ आडवा आला तेव्हा बाकीचे झाडांवर चढले. आमचा बाप गाडीवरून खाली उतरला आणि हातात हाकायची पराणी घेऊन बैलांच्या पुढे जाऊन उभा राहिला. लोक वरून ओरडत होते, झुलाल, पळ. तो पळाला नाही. बैल संध्याकाळी घरी आले. बाप दुसऱ्या दिवशी खाटेवरून आणला. माय मला घेऊन इथे धुळ्याला मामाकडे आली ती परत गावी, फैजपूरकडे, गेली नाही.

दोन बैलांसाठी. तीस वर्षं झाली, मला ते अजून समजलेलं नाही. एक बायको आणि एक पोर घरी असताना माणूस दोन जनावरांसाठी उभा राहतो. आणि आता त्याच वाघाचं कौतुक भिंतीवर बघायला लोक जमणार, आणि ते दाखवणारी चौकट मी केली.

मायला मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नको. आणि थोडे दिवस मला पत्र लिहू नको.

अभिमन


पाल
५ मार्च १९८७

अभिमनभाऊ,

लिहू नको म्हणालात, तरी एकदा लिहितो. याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमचं खरं आहे. मी लपवलं. खोटं लिहिलं नाही असं मनाला समजावत होतो, पण ते खोटंच होतं. चौकट तुमच्याशिवाय कोणाला जमली नसती, आणि वाघ म्हटलं तर तुम्ही करणार नाही, हेही माहीत होतं. सरांना मोठ्या आबांचं काहीच ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते उठून चौकटीपाशी गेले. मग म्हणाले, "चौकट काढून त्यांना परत पाठवू का?" मी म्हटलं, ते भाऊच ठरवतील. तुम्ही सांगा, मी काढून पाठवतो.

मोठे आबा गेले तेव्हा मी पोटात होतो. माझे वडील मागच्या गाडीवर होते, हे तुम्हाला माहीत आहे. ते असेपर्यंत ही गोष्ट त्यांनी मला पुष्कळदा सांगितली, आणि दरवेळी एकाच जागी थांबले. "झुलालभाऊ खाली उतरला," एवढं म्हणायचे आणि उठून जायचे. मला वाटायचं, दुःखाने जातात. आता वाटतं, त्यांनाही तुमच्यासारखंच समजत नसेल.

मी ह्या जंगलात दहा वर्षं जीप चालवतोय. वाघाची पावलं बघितली, झाडावरचे ओरखडे बघितले, रात्रीचा आवाज ऐकला. वाघ बघितला नाही. घरात ज्याचं नाव कोणी काढत नाही, तो कसा असतो हे मला बघायचं आहे. भाऊ, हे वाईट आहे की नाही, मला ठरवता येत नाही.

तुमचा,
गिरधर


पाल
२२ एप्रिल १९८७

अभिमनभाऊ,

तुमचं उत्तर आलं नाही. चौकट काढा असंही आलं नाही. म्हणून ती होती तिथेच राहिली.

काल सकाळी तो दिसला.

हे मी कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहू शकत नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ती नुसती गंमत होईल. म्हणून तुम्हालाच लिहितो. वाचायचं नसेल तर इथेच घडी घाला.

सुकीच्या डोहाकडे जाणारी एक वाट आहे, तिच्या तोंडाशी आम्ही उजाडायच्या आधीच जीप लावून बसलो होतो. इंजिन बंद. तुमचं झाकण उघडलेलं, चावी भरलेली, मूठ माझ्या हातात. उजाडलं तसं एक सांबर पाणी पिऊन गेलं. सरांनी मान हलवली, नको म्हणाले. मग वानरं ओरडायला लागली. आधी लांबून, मग जवळून, मग आमच्या डोक्यावरच्या झाडातून. आणि एकदम सगळी गप्प झाली.

तो वाटेनेच आला. वाळलेल्या सागाच्या पानांवर उंदीर चालला तरी ऐकू येतो. तो त्याच पानांवरून आला, आणि भाऊ, काही ऐकू आलं नाही. आधी नव्हता, मग होता. केवढा होता हे लिहायला बसलो की हात थांबतो. डोकं आपल्या घरच्या तांब्याच्या घंगाळाएवढं. चालताना खांद्याची हाडं कातड्याखाली एकेक करून वर यायची. त्याला कसलीच घाई नव्हती. जगात कोणाला वाट द्यायची असते हे त्याला माहीतच नसावं.

मी मूठ आवळली. गोधडीतूनही ती घरघर त्याला ऐकू गेली. कान पुढे झाले. दोन बैलगाड्या मावतील एवढ्या अंतरावर तो थांबला आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघू लागला. माझ्याकडे नाही, सरांकडे नाही. खाली, त्या काचेत. मीही श्वास धरून बसलो. आणि घरघर थांबली. अर्धं मिनिट संपलं. चावी बाहेर, पुढे, त्याच्या तोंडासमोर.

यापुढचं फिल्ममध्ये नाही. ते फक्त मी आणि सरांनी बघितलं.

तो पुढे आला. इतका पुढे आला की बॉनेटच्या आड गेला आणि दिसेनासा झाला. फक्त शेपटीचं टोक बॉनेटच्या वर हलत होतं. मग जीप हलली. भाऊ, सबंध जीप. तो बंपरला, तुमच्या चौकटीला गाल घासत होता, आपल्या गायी खुंट्याला घासतात तसा. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग वळून माझ्या बाजूने निघाला. माझ्या जीपला दार नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्याची पाठ माझ्या कोपराच्या उंचीवरून गेली. हात थोडा बाहेर असता तर लागला असता. त्याने वर बघितलंही नाही. पाण्यापाशी गेला, पाठमोरा आत बसला, आणि आम्ही तिथे आहोत हे विसरून गेला.

मी घाबरलो होतो का, असं बायकोने विचारलं. भीती होती. पण भीतीपेक्षा दुसरं काहीतरी मोठं होतं. देवळात गाभाऱ्याशी गेलो की आपला आवाज आपोआप खाली येतो, तसं सगळं अंग खाली आलं होतं. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. तो उठून गेला. मग सर म्हणाले, "गिरधर, आता चहा करतोस?"

बंपरला अजून एक वास येतोय. मला वाटलं होतं घाण वास असेल. तसा नाही. नव्या तांदळाचा भात शिजतो तसा.

रीळ सरांनी मुंबईला धुवायला पाठवलंय. चित्र आलं की नाही, देव जाणे.

गिरधर


धुळे
३० एप्रिल १९८७

गिरधर,

तुझं पत्र मी दुकानात उघडलं नाही, घरी खुंटीवरच्या सदऱ्यात ठेवून दिलं. सदरा धुवायला काढताना ते तुझ्या वहिनीच्या, सुमनच्या हाती लागलं. मायने विचारलं, कोणाचं आहे. सुमनला आपल्या घरातलं माहीत असूनही भान राहिलं नाही, तुझं पत्र म्हणून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाघापाशी आली तेव्हा थांबली. माय म्हणाली, "वाच."

मी संध्याकाळी आलो तेव्हा माय ओट्यावर बसली होती. मी तिला म्हटलं, चुकून झालं, मनावर घेऊ नको. ती ताटं मांडायला उठली. जेवण झाल्यावर म्हणाली, "अभिमन, तो वाघ माले बी दखाड."

मी म्हटलं, माय, कशाला? त्यात आपल्याला बघण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "मी तीस वरीस त्याना नावनी रडनू. तो कसा शे, ते माले माहीत नही."

दोन दिवस मी तिला टाळलं. आज सकाळी तिने पुन्हा विचारलं, म्हणून लिहितो. रीळ आलं आणि त्यात काही दिसत असलं, तर सरांना विचार, त्यांचं पडद्यावर दाखवायचं यंत्र घेऊन धुळ्याला येतील का. येण्याजाण्याचा खर्च मी देईन.

माझ्यासाठी विचारत नाही. मायसाठी विचारतो.

अभिमन


पाल
१२ मे १९८७

अभिमनभाऊ, नमस्कार.

रीळ आलं. सरांनी दीपनगरला आधी एकट्याने बघितलं आणि मग मला बोलावणं पाठवलं. आलंय, भाऊ. पूर्ण अर्धं मिनिट आलंय, आणि चित्र हललेलं नाही.

सर म्हणाले, भुसावळला लोकांना दाखवायचं ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. आधी भागाबाईंना, म्हणजे मोठ्या मायला दाखवायचं. २४ तारखेच्या रविवारी ते यंत्र घेऊन एसटीने येतील. मी येणार होतो, पण त्या दिवशी इथल्या एका लग्नाचं वऱ्हाड माझ्यावर आहे आणि दुसरी जीप गावात नाही. खरं सांगू? मोठ्या मायच्या समोर बसून ते बघायचा मला धीरही नाही.

एक सांगून ठेवतो. फिल्म काळी-पांढरी आहे, आवाज नाही. तरीही तिला सांभाळून बसवा.

तुमचा,
गिरधर


धुळे
२६ मे १९८७

चि. गिरधर,

सर रविवारी दुपारी आले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. तू नव्हतास, म्हणून काय झालं ते लिहितो.

स्टुडिओच्या खिडक्यांना मी डार्करूमचं काळं कापड लावलं. फोटोमागचा पांढरा पडदा खाली सोडला. मायला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, शेजारी सुमन. मी दाराशी उभा राहिलो. मनात ठरवलं होतं की तो आला की बाहेर जायचं.

आधी वाट आली. तू लिहिलं होतंस ते खरं आहे, वाट आपल्याकडे येते. माय खुर्चीचे हात धरून बसली होती. मग नीलगायी, मोर, अस्वलाची पाठ. मग वाट थांबली. सर हळूच म्हणाले, "आता."

मी बाहेर गेलो नाही. मला जाता आलं नाही.

गिरधर, मी लहानपणापासून मनात एक वाघ धरून होतो. दात विचकलेला, झेप घेणारा, कॅलेंडरवर असतो तसा. हा तसा नव्हता. तो चालत आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. राग नव्हता, भूक नव्हती, काहीच नव्हतं. नुसतं बघणं होतं. कॅमेरा खाली, म्हणून त्याचा चेहरा सरळ आपल्या तोंडावर येतो. माझा हात दाराच्या कडीवर होता तो तिथेच राहिला. माझी मान आपोआप खाली गेली आणि मी ती पुन्हा वर केली, कारण ते डोळे चुकवायचे नव्हते. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, इकडे बघा, हलू नका. त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणीतरी तसं सांगितलं.

पडदा पांढरा झाला. मग माय म्हणाली, "आखो दखाडा." सरांनी रीळ मागे घेतलं. पुन्हा दाखवलं. ती म्हणाली, आखो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. सरांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या वेळी ती उठली आणि पडद्याजवळ गेली. वाघ तिच्या लुगड्यावर आला, तिच्या पांढऱ्या केसांवर आला. ती त्याच्या समोर उभी राहिली, आणि तिचं डोकं त्याच्या कपाळापर्यंतही पोचत नव्हतं. मी पुढे झालो, तर तिने मला हाताने थांबवलं. मला म्हणाली, "कितला मोठा शे रे. याना मव्हरे, असा समोर, तुना बाप एकला उभा व्हता."

तीस वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्यासमोर त्यांचं नाव काढलं.

मग माझ्या तोंडून ते गेलंच. मी म्हटलं, माय, पण दोन बैलांसाठी? तो पळाला का नाही?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे मला माहीत असेलच असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. म्हणाली, "बैल जुपेल व्हतात, भाऊ. त्या कथा पळतीन?"

जुंपलेले होते, पळणार कुठे? मानेवर जू होतं, मागे बांबूची गाडी होती. माणसं झाडावर गेली. बैलांना झाड नव्हतं.

मी तीस वर्षं हा प्रश्न माझ्या बाजूने विचारत होतो, मायच्या बाजूने विचारत होतो. बैलांच्या बाजूने कधी विचारला नाही. बापाने गाडीवरून खाली बघितलं तेव्हा त्याला तेवढंच दिसलं असेल की दोन मुकी जनावरं आपण बांधली आहेत, आणि समोर हा उभा आहे. आणि तो कसा उभा असतो, हे आता मी बघितलंय. मी पडद्यावरच्या चित्रासमोर मान वर ठेवू शकत नव्हतो. तो हातात पराणी घेऊन त्याच्यासमोर चालत गेला. हे मला अजूनही पूर्ण पेलत नाही. पण आता राग येत नाही. राग यायला तो माझ्याएवढा असायला हवा होता.

सरांना सोडायला स्टँडवर गेलो. मी त्यांना म्हटलं, चौकट तुमच्याकडेच राहू द्या, रबर झिजलं की कळवा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला.

काल सकाळपासून माय शेजारणींना वाघाचं सांगते आहे. फिल्ममध्ये रंग नव्हता, पण ती पिवळा होता म्हणून सांगते, झेंडूसारखा पिवळा. मी दुरुस्त केलं नाही. वाघाचं सांगता सांगता ती आबांचंही सांगते. ते हसायचे कसे, बैलांशी बोलायचे कसे. मी हातातलं काम ठेवून ऐकत बसतो. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

एक विचारायचं आहे. ती जागा तुला माहीत आहे का? तुझ्या वडिलांनी कधी दाखवली होती का? असेल तर पावसाआधी मी येईन म्हणतो. मायही येईन म्हणते.

तुझा,
अभिमनभाऊ


पाल
४ जून १९८७

अभिमनभाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी आणि बायकोने बरोबर बसून वाचलं. ती निम्म्यातून उठून चुलीपाशी गेली आणि तिथून म्हणाली, पुढचं मोठ्याने वाचा.

जागा मला माहीत आहे. वडिलांनी एकदाच दाखवली होती, लांबून, मी शाळेत होतो तेव्हा. नंतर मी तिकडे कधी गेलो नाही, वाट असूनही. तुम्ही येणार म्हणून काल सकाळी जीप घेऊन एकटाच बघून आलो. वाट चांगली आहे. मोठ्या मायला मध्ये बसवून आरामात नेता येईल. उन्हं चढायच्या आत परत फिरू. तुम्ही दोघं रविवारच्या एसटीने सावद्याला उतरा, मी तिथे उभा असेन.

तिथे काही खूण नाही, भाऊ. साग आहे, करवंदीची जाळी आहे, जुनी गाडीवाट आहे. जमीन जरा उतरती आहे आणि वाट अरुंद आहे. जुंपलेली गाडी तिथे वळवता येत नाही. ते मी बघितलं.

मी जीप बंद करून बसलो. पाखरं बोलत होती, बाकी काही नव्हतं. पाऊल नाही, वास नाही, वानरंसुद्धा नव्हती. दिवस चांगला वर आला होता. म्हटलं, एकदा खाली उतरावं, मातीला हात लावावा, नमस्कार करावा. एक पाय बाहेर काढला. मग समोरच्या वाटेकडे बघितलं, आणि तो पाय परत आत घेतला.

मी जीपमध्ये बसूनच हात जोडले. मोठे आबा खाली उतरले होते.

तुमचा,
गिरधर